टोपलं आणि खोगीर

आदिलाबादच्या कॉलेजात नुकत्याच आलेल्या कंप्युटरवर गणिताचे सर पोरांसमोर समीकरण भरत होते, तेवढ्यात दारात त्यांची माय येऊन उभी राहिली. डोक्यावर विकायच्या बांबूच्या टोपल्या. “बाहेर बसा, बाई,” सर घाईनं म्हणाले. मायला बाई म्हणताना जीभ अडखळली, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. “आता पडद्यावर घोड्याचं खोगीर उमटेल,” म्हणत त्यांनी बटण दाबलं. उमटला गोल, खोलगट आकार. “हे तं टोपलं झालं! खोगीर दोन बाजूनं खाली उतरते,” उंबऱ्यावरून माय बोलून गेली. सरांनी निरखून पाहिलं. वजाच्या जागी अधिक पडलं होतं. चिन्ह बदलताच खोगीर झोकात उमटलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. “सर, ह्या कोण?” एका पोरीनं कौतुकानं विचारलं. सरांनी तोंड उघडण्याआधीच माय उठली. “मी टोपलेवाली बाई, पोरी.” सरांनी मान डोलावली.