उबेची जागा

आमच्या इस्त्रीच्या दुकानातल्या मांजरीला झोपायला एकच जागा पसंत: नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यांचा गठ्ठा. माझी पाठ वळली की वर चढून, शेपटीत नाक खुपसून गोळा व्हायची. तो गठ्ठा निवला की अर्धवट झोपेतच पुढच्या गठ्ठ्यावर. गिऱ्हाइकाच्या काळ्या पँटवर पांढरे केस! कोपऱ्यातल्या खुर्चीतून माझे सासरे ओरडायचे, "हाकल गं त्या भवानीला!"

मंगळवारी मात्र गरम गठ्ठा सोडून ती थेट त्यांच्याच मांडीवर जाऊन झोपली. आणि ते गप्प! या दोघांचं कधीपासून जमलं? मला कळेना. मग डोक्यात आलं, ही बया तर ऊब बघून जागा धरते. मामंजींच्या कपाळाला हात लावला, तर चटकाच बसला. दोन दिवस ताप अंगावर काढत होते, कुणाला न सांगता.

औषधाने ताप उतरला आणि मांजर पुन्हा गठ्ठ्यावर गेली. मामंजी आता ओरडत नव्हते. नुसते तिच्याकडे बघत बसायचे.

शनिवारी बघते तर ती परत त्यांच्या मांडीवर! धावत जाऊन कपाळ पाहिलं, तर गार. मग त्यांच्या शालीखाली हात घातला. शेकायची पिशवी, गरम पाण्याने टम्म भरलेली.

"गुडघा दुखतोय," मामंजी नजर चुकवत म्हणाले.

"कुठला?"

"हिच्या खालचा. हळू बोल, उठेल ती."