भिंतीवरची बाई

कवठे महांकाळातल्या आमच्या गल्लीची भिंत रंगवायची ठरली आणि पहिली अडचण आली ती हरणाकाकूंची. त्या भिंतीवर त्यांच्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, वाळत असायच्या.

"काकू, आता बास! गल्ली जरा सुंदर दिसू द्या," म्हणत आम्ही शेणी खरवडल्या, भिंत धुतली, पांढरा रंग दिला.

"आन मी शेणी कुठं लावू रं?" काकू विचारत राहिल्या, आम्ही रंगाचा दुसरा हात मारत राहिलो.

मग सगळी गल्ली ब्रश घेऊन राबली. गल्लीत चित्रं काढणाऱ्या तरन्नुमनं विषय सुचवला, 'आपलं गाव'. डोंगर झाला, मेंढरं झाली आणि मधोमध तिनं अशी झकास बाई काढली, की येणाराजाणारा थांबलाच पाहिजे. पदर खोचून भिंतीवर शेणी थापणारी! बाईच्या पुढ्यातली जागा तेवढी उद्यासाठी कोरी ठेवली.

सकाळी बघतो तर ती सगळी जागा शेणींनी भरलेली. खऱ्या, ओल्या. आम्ही तरातरा हरणाकाकूंच्या दारात.

काकू शांतपणे हात धूत होत्या.



"माझ्यावर कशाला वरडताय रं? लावणारी तितंच हुबी हाय, तिला इचारा की!"