वाळला की बसतो

“पंखा बंद कर,” पेंटरकाका म्हणाले आणि पैलवान धावत बटणाकडे गेला. शेडमध्ये नुसता थिनरचा वास उरला.

मधोमध पैलवानाची गाडी उभी होती. काळी, लांब नाकाची, मागची चाकं पुढच्यांपेक्षा रुंद, बॉनेट कापून इंजिन वर डोकावणारं. भंगारातून आणून चार वर्षं तो तिच्यासाठी राबला होता. “सुरू केली की शेजाऱ्यांची झोप आणि माझी अब्रू, दोन्ही एकदम उडतात,” असं कौतुकाने सांगायचा. आता फक्त दोन्ही बाजूंची रेघ राहिली होती. दिव्यापासून शेपटापर्यंत, दोऱ्याएवढी बारीक, लाल. काकांकडे शिकून गेलेले तिघंही हल्ली स्टिकर चिकटवत. पैलवानाला स्टिकर नको होतं. काकांचा हात हवा होता.

“बाबा, आज राहू द्या ना,” काकांची मुलगी म्हणाली. “उकडतंय फार. रंग ओघळेल.”

“चाळीस वर्षं मी काय बर्फात बसून रंगवत होतो? हात बसलाय माझा, चिमणे. कपाट बघ जा.”

कपाटाकडेच तिला बघवत नव्हतं. तिथे बोटभर लांबीच्या अकरा गाड्या होत्या. हाताला कंप सुटला तेव्हापासून काका घरी बसून त्या जोडायचे. आधी दारं, मग चाकं, मग तांदळाएवढे आरसे आणि सगळ्यात शेवटी रेघ. रेघ वाकडी यायची. “ओला रंग असाच दिसतो, वाळला की बसतो,” असं म्हणून ते दुपारचे आडवे व्हायचे. पहिल्या गाडीच्या वेळी तिला राहवलं नाही. काडीला कापूस गुंडाळून तिने ती रेघ पुसली आणि नवी ओढली. उठल्यावर काका त्या गाडीकडे किती वेळ बघत बसले होते! मग दुसरीचीही पुसली. सांगू सांगू म्हणता अकरा गाड्या झाल्या, आणि एक दिवस पैलवानाने कपाट पाहिलं आणि माझ्या गाडीलाही काकांचीच रेघ हवी म्हणून हटून बसला.

काकांनी लांब केसांचा ब्रश रंगात बुडवला, पत्र्याच्या तुकड्यावर निथळवला आणि श्वास रोखला. लांब नाकावरून रेघ सुरेख गेली. दारापाशी ती हलली. तिथून पुढे गोगलगाय चालून गेल्यासारखी शेपटापर्यंत पोचली. काका मध्ये थांबले नाहीत. रेघ मध्ये सोडायची नसते.



“ओला आहे अजून,” काका म्हणाले. “वाळला की बसतो. घटकाभर पडतो मी.” ब्रश त्यांनी मुलीच्या हातात दिला, चष्मा काढून स्टुलावर ठेवला आणि ते शेडमागच्या खोलीत गेले.

पैलवानाने मान खाजवली. “ताई, असू दे. मी अशीच फिरवीन.”

“लोक हसतील.”

“माझ्यासमोर कोण हसतोय?” त्याने दंड दाखवला. पण नजर गाडीवरून हलत नव्हती त्याची.

तिने हातातल्या ब्रशकडे पाहिलं. त्यात रंग होता अजून. बाबा उठतील, रेघ सरळ दिसेल, चेहरा उजळेल. अकरा वेळा झालं तेच बाराव्यांदा. तिने मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली, फडकं थिनरमध्ये बुडवलं आणि सगळी रेघ पुसून काढली. मग गुडघ्यांवर बसली. दिवा, दार, मागचं चाक, शेपूट. एका दमात.

“आयला!” पैलवान म्हणाला आणि एकदम गप्प झाला. तो तिच्या पाठीमागे बघत होता.

काका चष्मा न्यायला परत आले होते.

त्यांनी स्टुलावरचा चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला. रेघेला नाक लावल्यासारखे वाकून दिव्यापासून शेपटापर्यंत चालत गेले.

“कपाटातल्या?”

तिने जमिनीवरचं फडकं उचललं.

“अकराच्या अकरा?”

“हो, बाबा. चुकलं माझं.”

“कुठे चुकलंय?” ते अजून रेघेकडेच बघत होते. “दारापाशी पत्रा वळतो. भल्याभल्यांचा हात हलतो तिथे. तुझा नाही हललेला.”

“मी चहाचं बघतो,” असं काहीतरी पुटपुटत पैलवान बाहेर सटकला.

काकांनी चष्मा काढला. “लहान होतीस तेव्हा ब्रश मागायचीस तू.”

“हो.”

“पाठ सोडायची नाहीस. मी काय म्हणायचो गं तेव्हा?”

‘हे पोरींचं काम नाही, चिमणे.’ तिला शब्द न् शब्द पाठ होता.

“आठवत नाही, बाबा.”

“मला आठवतं.”

त्यांनी हात पुढे केला. ब्रश मागतायत असं वाटून तिने तो पुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. तिच्या दुसऱ्या हातातलं फडकं घेतलं, गाडीला वळसा घालून पलीकडे गेले, दाराला धरून सावकाश खाली बसले आणि तिच्यासाठी ती कोरी बाजू पुसायला लागले.