अंगाई कोणत्या विभागाची?

"हा विषय आमचा नाही," डॉक्टर तिसऱ्यांदा म्हणाले.

"मग काय आमचा?" संगीताचे सर उसळले. "नुसते श्वासांचे आलेख! गाणं आहे कुठे यात?"

"आणि शब्दांचा अर्थच लागत नाही, तर आम्ही काय कपाळ तपासणार?" भाषेच्या बाईंनी हात झटकले.

टेबलाच्या टोकाला सिस्टर बसली होती. विद्यार्थिनी व्हायला आली होती तरी सगळे तिला सिस्टरच म्हणत. बावीस वर्षं मुलांच्या वॉर्डात काढून, पन्नाशीला टेकल्यावर तिने आंतरविद्याशाखीय पीएचडीला अर्ज केला होता. विषय अंगाई. शब्द न कळणाऱ्या बाळाला ती झोपवते कशी? गाणं, भाषा आणि शरीर, तिन्हींचा अभ्यास, म्हणून मार्गदर्शक तीन. तिघांचं एकमत झालं तरच नोंदणी, तीही आज पाचच्या आत. नाहीतर जागा रद्द, आणि तिच्या वयाला दुसरी संधी कोण देतंय! गेले तीन आठवडे हे तिघे तिला चेंडूसारखं टोलवत होते. आराखडा सगळ्यांनी चाळला होता, ध्वनिमुद्रण मात्र एकानेही ऐकलं नव्हतं.

"एकदा ऐकून तरी घ्या," ती म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

वॉर्डातल्या कुण्या आईचा आवाज खोलीत पसरला. भाषा कोणती, ते सिस्टरला आजही माहीत नव्हतं. सूर हळूच वर जायचा, थांबायचा, पुन्हा खाली यायचा. पंख्याची घरघर त्यात विरून गेली. पडद्याच्या फटीतून येणारं पिवळं ऊन टेबलावर, कागदांवर, तिघांच्या हातांवर सांडलं. खोली जणू कुणीतरी मांडीवर घेतली होती.

आधी बाईंची मान कलली. मग सर. शेवटी डॉक्टर, हनुवटी छातीला टेकवून.

"अहो, उठवा की!" कोपऱ्यात इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकूनबाई कुजबुजल्या. "वीसच मिनिटं उरलीत!"

सिस्टर उठली. डॉक्टरांच्या खांद्याकडे तिने हात नेला आणि तिथेच थांबवला. बायको गेल्यापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता, हे अख्ख्या विद्यापीठाला ठाऊक होतं. आता तोंड किंचित उघडं टाकून ते लेकरासारखे झोपले होते.

"नको," ती म्हणाली. "गाढ लागलीय." तिने पडदा ओढून घेतला. संधी हातची गेली म्हणून तिला रडू आलं, ते तिने आवाज न करता रडून घेतलं.

साडेपाचला डॉक्टर दचकून जागे झाले. पाठोपाठ बाकीचे दोघे. घड्याळ पाहून डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"सिस्टर, उठवलं का नाही आम्हाला?"

"औषधासाठी उठवलंय माणसांना, सर. सहीसाठी नाही उठवत."

तिघेही ओशाळले. डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं, पण ते हातातच राहिलं. "आता सह्या करून काय उपयोग? निर्णयाची वेळ इतिवृत्तातलीच धरतात." ते कोपऱ्याकडे वळले. "बाई, काय लिहिलंय तुम्ही?"

कारकूनबाईंनी चष्मा सारखा केला आणि वाचलं, "चार वाजून चाळीस मिनिटं. विषयाबाबत तिन्ही सदस्यांचं पूर्ण एकमत झालं. त्यानंतर कुणीही हरकत घेतली नाही."