शाडू की चुनखडी

“शाडूत ठेवायचं की चुनखडीत?” भट्टीवरच्या माणसाने हळू आवाजात विचारलं.

वणीत आता माणूस वारला की त्याचा देह शाडूच्या मातीत किंवा चुनखडीत दाबून भट्टीत तापवत. शाडूत देहाचा गॅस लवकर होई आणि तो घरच्या शेगडीला मिळे; चुनखडीत देह वर्षानुवर्षं टिके.

“चुनखडीत,” प्रणिता म्हणाली. “बाबा इथे आहेत, एवढं तरी वाटेल.”

मंदाताईंनी नवऱ्याच्या कपाळावरून हात फिरवला. “कुणाच्या उपयोगी न पडता बसणं त्यांना कधी जमलं नाही गं. शाडूतच ठेवा.”

महिन्याभराने, ऐन थंडीत, शेगडी निळी पेटली. प्रणिता दारातच थांबली. मंदाताईंनी तिला जवळ ओढलं आणि तिचे गार तळवे आपल्या हातांत घेऊन ज्योतीसमोर धरले.

“शेक,” त्या म्हणाल्या.