पुढची तारीख

डॉ. विशाखाने विभागप्रमुखांच्या खोलीचं दार लोटलं, तेव्हा हातातलं पाकीट घामाने ओलं झालं होतं. शनिवारची दुपार, ओपीडी संपलेली. बाहेरच्या टेबलाशी बसलेला क्लार्क नितीन मान वर न करता म्हणाला होता, "साहेब तो वडोदरा गया छे, बेन. टेबल उपर मूकी दो ने."

पाकिटात चार ओळींचं पत्र होतं. सोमवारी प्राध्यापकपदासाठी तिची मुलाखत होती, आणि कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे आपण ती देऊ शकत नाही, एवढंच त्यात लिहिलेलं. टेबलावर ठेवायचं आणि डिंडोलीला घरी निघायचं. दोन मिनिटांचं काम.

पण खोली कुसुम मॅडमची होती. मॅडम वारून सहा महिने झाले, नवे साहेब आले, पडदे बदलले, तरी खोलीने काही मालक बदलला नव्हता. मनोविकार विभागाच्या त्या पहिल्या बाई प्रमुख. त्यांची एक खोड सगळ्या कॉलेजला ठाऊक होती. कुणी डॉक्टर पोरगी राजीनामा नाहीतर नकार घेऊन आली, की त्या तिला समोर बसवत नसत. उठून स्वतःची खुर्ची तिला देत, आपण पेशंटच्या स्टुलावर बसत आणि केस घ्यावी तसे प्रश्न विचारत. शेवटी पेशंटला देतात तशी पुढची तारीख. पत्र जाई उषाबाईंकडे. विभागातल्या या जुन्या मावशी ती पत्रं कुठे ठेवत, देव जाणे. परत मागायला कुणीच आलं नाही. त्यातल्या सहा जणी आज कुठे ना कुठे प्रोफेसर आहेत.

विशाखाने पाकीट टेबलावर ठेवलं. पाय दुखत होते म्हणून असेल, ती वळसा घालून पलीकडे गेली आणि त्या खुर्चीत टेकली. समोर स्टूल रिकामं होतं.

"हं. काय त्रास?"

आवाज स्टुलाकडून आला. किंचित घोगरा, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा. मॅडमचाच. असे आवाज ऐकणाऱ्यांना बरं करण्यात तिची चौदा वर्षं गेली होती. जवळचं माणूस गेलं की काही दिवस असं होतं, घाबरायचं नाही, हे तिने शेकडो नातेवाइकांना समजावलं होतं. आता स्वतःला समजावलं. उठली मात्र नाही.

"त्रास काही नाही, मॅडम," ती म्हणाली. आपण हे मोठ्याने बोललो, हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"मग पत्र कशाला?"

"मला झेपायचं नाही. मुलं लहान. नवऱ्याची, धम्मरत्नची, हजीऱ्याला कारखान्यात शिफ्ट. सासूबाई अंथरुणाला."

"झेपायचं नाही, असं कोण म्हणतं? आवाज बाईचा, की पुरुषाचा?"

हाच प्रश्न सकाळपासून ती स्वतः पेशंटना विचारत आली होती. उत्तर द्यायला इतकं जड जातं, हे तिला माहीत नव्हतं.

"बाईचा."

"ओळखीचा?"

"सासूबाईंचा."

"काय म्हणतो?"

विशाखाने सासूबाईंचाच हेल काढला. "'पोरं वाऱ्यावर, मी अंथरुणात, आन् हिला खुर्ची पायजे!'"

"आणि तुझा स्वतःचा आवाज?"

तो तिला सापडेना. कितीतरी महिन्यांत तिने तो ऐकलाच नव्हता. मग रागाने तोंडातून शब्द बाहेर पडले.

"पाहिजे. मला ती खुर्ची पाहिजे, मॅडम."

बोलून ती थांबली. आता तारीख येईल. मॅडमनी तारीख दिल्याशिवाय कुणाला कधी सोडलं नव्हतं. पंखा फिरत राहिला. स्टुलाकडून काहीच आलं नाही. विशाखाने वाट पाहिली, पुन्हा पाहिली, आणि तिला रडू फुटलं. सगळे आपल्याच मनाचे खेळ. गेलेलं माणूस तारीख कुठून देणार? तिने डोळे पुसले, पाकीट नव्या साहेबांच्या पेनस्टँडला नीट टेकवून ठेवलं आणि पर्स उचलली.

दार उघडलं. उषाबाई आत आल्या. हातातल्या ट्रेमध्ये चहाचे दोन कप होते.

"दोन कशाला, उषाबाई?"

"बोलनं ऐकू येत व्हतं, ताई. म्हनून दोन आनले." उषाबाईंनी स्टुलाकडे पाहिलं. "गेल्या का?"

विशाखाने पर्स पुन्हा खाली ठेवली. अंगवळणी पडलेला प्रश्न आपसूक तोंडात आला. "आवाज बाईचा होता, की पुरुषाचा?"

"बाईचाच."

"माझा असेल."

"तुमचा बी व्हता."

"दुसरा ओळखीचा होता?"

उषाबाईंनी ट्रे टेबलावर टेकवला. एक कप विशाखासमोर ठेवला आणि मॅडम घेत तसा बिनसाखरेचा स्टुलाच्या बाजूला, अशा वेळच्या नेहमीच्या जागी.

"काय म्हणत होता तो?" विशाखाने विचारलं. तिचा आवाज तिलाच ऐकू येईना.

"मी आले तव्हा शेवटचंच कानावर पडलं," उषाबाई म्हणाल्या. "सोमवारी ये, म्हने."

मग त्यांनी पदराला हात पुसला आणि पाकिटासाठी पुढे केला.