दंडावरचं बटण

शिंप्याने डावा दंड लाकडी कपाटाच्या कडेला टेकवला आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. दंडाला कोटाच्या बटणाएवढं एक यंत्र चिकटवलेलं होतं. ते कडेखाली नीट दाबलं गेलं. टेबलावरच्या फोनकडे बघत तो तसाच उभा राहिला. रक्तातल्या साखरेचा आकडा उतरू लागला. उतरला, आणखी उतरला, लाल झाला.

फोन वाजला.

"बाबा, साखर खाली गेलीय. गोड काहीतरी तोंडात टाका आधी."

"टाकतो गं, टाकतो." त्याने दंड सोडवला आणि रिकाम्या तोंडाने खडीसाखर चोखल्याचा आवाज काढला.

आता निवांत होतं. साखर वर येईपर्यंत लेक फोन ठेवत नसे.

"शेजारच्या मांजरीला पिल्लं झाली," तो म्हणाला. "सगळी काळी कुळकुळीत."

"मांजर तर पांढरी आहे ना? मग बाप कोण?"

"अजून तरी कुणी पुढे आलेलं नाही."

ती खळखळून हसली. तिचं हसू जिन्यात घुमलं. इथे संध्याकाळ असली की समुद्रापलीकडच्या तिच्या शहरात दुपार असे, आणि बोलायला ती कचेरीतून उठून जिन्यात येई.

बटण तिनेच धाडलं होतं. त्यातला आकडा त्याच्या फोनवर उमटे, तसाच तिच्याही. एकदा तो आरामखुर्चीत डाव्या कुशीवर कलंडला आणि तसाच डोळा लागला. फोनच्या आवाजाने दचकून उठला, तर पलीकडे लेक रडकुंडीला आलेली. त्याला घाम नव्हता, थरथर नव्हती, काही म्हणता काही नव्हतं. पण त्या दिवशी दोघं किती बोलली! आईची जुनी साडी निघाली, पावसात भिजलेली शाळा निघाली, विसरलेली गाणी निघाली. दंड दाबला गेला की आकडा पडतो, हे त्याने मग दोनचारदा करून बघितलं. आणि मग ते रोजचंच झालं.

नुसता फोन करून बघितला नव्हता असं नाही. पण कारणाशिवाय केलेला फोन चिंधीएवढा होई. "जेवलात?" "जेवलो. तू?" "हो." "बरं, ठेवू?" बापलेक दोघंही अबोल. मध्ये बोलणारी आई होती, ती गेली. तेव्हापासून दोन खोल्यांचं घर त्याला पुरून उरत होतं.

हल्ली लेकीच्या आवाजातली धावपळ ओसरली होती. सवय झाली असेल, असं तो मनाशी म्हणे.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरबाईंनी त्याचा आलेख पडद्यावर उघडला आणि चष्मा वर सरकवला.

"काका, संध्याकाळी डाव्या अंगावर आडवे होता का?"

"जरा... पाठ टेकतो."

"तरीच. हे बघा, खरी साखर अशी कड्यावरून ढकलल्यासारखी पडत नाही, आणि पडली तर लगेच उठून उभी राहत नाही. या बटणाची तार रक्तात नसते, कातडीखालच्या पाण्यात असते. वर भार पडला की तिथलं पाणी बाजूला सरतं आणि आकडा खोटाच खाली येतो." त्यांनी नवं बटण त्याच्या उजव्या दंडाला लावलं. "पण जपा हं. तुम्ही इन्सुलिन घेता. एखाद्या दिवशी साखर खरंच घसरेल, आणि तुमच्या मुलीला वाटेल, हे तर रोजचंच."

तो मान खाली घालून घरी आला. वाटभर त्याला एकच आठवत होतं. मागे एकदा फोनवर लेकीच्या पाठीमागून कुणीतरी वैतागून बोललं होतं, "पुन्हा बाबा?" आणि डब्याचं झाकण लावून ती उठली होती. तेव्हा त्याला आपला मान राखल्यासारखं वाटलं होतं. आज ते आठवून कानशिलं तापली. घासावरून उठवतो आपण पोरीला. भीती घालून बोलायला लावतो.

संध्याकाळ झाली. ऊन खिडकीतून आत आलं, भिंतीवर चढलं, भिंतीवरूनही गेलं. शिंपी खुर्चीत ताठ बसून राहिला, दोन्ही हात मांडीवर, दोन्ही दंड मोकळे. फोनवर आकड्याची रेघ पट्टीसारखी सरळ होती. कपाटाची कड हाताच्या अंतरावर होती. एकदा तो उठला, कडेवरून बोट फिरवलं आणि परत येऊन बसला.

फोन गप्प होता. बरोबरच होतं. साखर ठीक असल्यावर कोण कशाला फोन करील? पिल्लांचे डोळे उघडले होते. तेवढं सांगायचं राहिलं. झाकलेल्या शिवणयंत्राकडे बघून तो पुटपुटला, "उघडले बरं का डोळे." घरात दुसरं ऐकणारं कुणी नव्हतं.

अंधार पडता पडता फोन वाजला. त्याने घाईने आकडा बघितला. जागेवरच होता.

"काय गं? साखर ठीक आहे माझी."

"दिसतंय. मघापासून तेच बघत बसलेय." आवाज जिन्यात घुमत होता. डब्याचं झाकण उघडल्याचं, पुन्हा लावल्याचं ऐकू आलं. "डबा पार निवून गेला माझा."

"मग जेवून घ्यायचंस की. कुणाची वाट बघत होतीस?"

पलीकडे डब्याचं झाकण पुन्हा उघडलं.

"आज दंड नाही दाबलात, बाबा?"